नलूताईंच्या रेघेशेजारची जागा

दिव्यांची माळ कानाने पारखून विकत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

गणपतीच्या आधी सोसायटीच्या मंडपासाठी माळा आणायला मी सेक्रेटरी म्हणून जोगेश्वरीच्या बाजारात निघाले की हे गृहस्थ चपला घालून जिन्याशी हजर. हातात मुठीएवढा रेडिओ. दुकानदार माळ लावून दाखवायचा, लाल, हिरवी, पळणारी, थांबणारी. बाकीची गिऱ्हाईकं रंग बघायची. आमचे काका डोळे मिटून रेडिओ माळेजवळ न्यायचे, त्यातून खर्रर्र असा आवाज आला की मान हलवायचे आणि म्हणायचे, "ही बडबडी आहे. दुसरी दाखवा." पहिल्या वर्षी दुकानदाराने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, इनका कोई पूजा-पाठ का सिस्टम है क्या?" मी म्हटलं, तसंच समजा. दुसऱ्या वर्षापासून तो स्वतःच माळांचं एक खोकं वेगळं काढून ठेवायला लागला. "अंकल, ये देखो, एकदम चुपवाली." काका इतके खूष झाले, की त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी वगैरे करून आले.

आमच्या वर्सोव्याच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे खरखरकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका. चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, एकटेच राहायचे. बायको लवकर गेलेली, मुलगी मुलुंडला. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत आवाज ध्वनिमुद्रित करण्यात सगळी नोकरी गेली. नटनट्या आत बोलायच्या, काचेच्या अलीकडे हे कानाला हेडफोन लावून बसायचे. पण त्यांचं खरं प्रेम नटांच्या आवाजावर नव्हतंच. संवाद संपले की सगळ्यांना गप्प बसवून थोडा वेळ नुसती खोली ध्वनिमुद्रित करतात म्हणे, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. "तेवढाच माझा वेळ," असं ते म्हणायचे. "बाकी सगळा त्यांचा."

ही सवय माणसाला इतकी लागलेली, की कुणाच्याही घरी गेले तरी आधी दारात उभे राहून ऐकायचे. माझ्याकडे पहिल्यांदा आले ते सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीसाठी. मी या म्हटलं, बसा म्हटलं, तर हे आपले बोट वर करून उभेच. मग म्हणाले, "सेक्रेटरीबाई, घर चांगलं आहे तुमचं. फ्रिज म्हातारा झालाय." मला असा राग आला. पण फ्रिज त्याच महिन्यात बंद पडला.

तर या काकांना हौशी रेडिओचा नाद. रीतसर परवाना काढून घरच्या यंत्रावरून जगभरच्या माणसांशी बोलायचं. बरं, नाद असावा, माणसाने काय नुसतं टीव्हीसमोर बसायचं का. पण बाकीचे लोक जिथे गप्पा मारतात तिथे यांना रस नाही. यांना हवा होता सगळ्यात खालचा पट्टा, आपल्या आकाशवाणीच्याही कितीतरी खालचा. तिथल्या लहरी इतक्या लांब आणि घरगुती यंत्राची ताकद इतकी कमी, की लांबचं काही ऐकू येणं म्हणजे नवलच. बोलणं तर सोडाच. नुसते कट्ट-कडकट्ट करत अक्षर पाठवायचं, तेही इतकं हळू, की एक अक्षर पुरतं उतरेपर्यंत आपला चहा होऊन कपबशा विसळून होतात. आणि ते कानाला कळतच नाही. संगणकाच्या पडद्यावर, वेळ सरेल तसतसं वरून खाली, बारीक उजळ रेघेच्या तुकड्यांतून दिसतं. त्या तुकड्यांचं अक्षर जुळवायचं.

"यात मजा काय आहे?" मी एकदा सरळ विचारलं.

"कुणीतरी पाठवतंय आणि आपल्याला कळतंय," ते म्हणाले. "अजून काय हवं?"

पण पाठवणाऱ्यापेक्षा मोठं काम ऐकणाऱ्याचं. कारण त्या पट्ट्यात आपली सगळी घरं बोलत असतात. मोबाईलचे चार्जर, एलईडी बल्ब, टीव्ही, इन्व्हर्टर, जे जे विजेवर चालतं ते ते तिथे कुजबुजतं. प्रत्येकाची आपापली जागा. काकांच्या पडद्यावर आमची अख्खी बिल्डिंग उभ्या रेघांनी भरलेली दिसायची. त्या रेघांच्या मधली मोकळी जागा शोधायची आणि लांबच्या माणसाला कळवायचं, की बाबा रे, इथे पाठव, इथे माझ्याकडे शांत आहे. दिवसचे दिवस हे चाललेलं असायचं. बरं, आज मोकळी असलेली जागा उद्या मोकळी राहील याचा भरवसा नाही. कुणी नवा टीव्ही आणला की काकांची वाट लागली.

मला त्यांनी एकदा पडदा दाखवला. बोट ठेवून सांगत होते, "हे शिंदे, माशांची टाकी. हे तुमचं नवं वॉशिंग मशीन, जरा उद्धट आहे. हे पहिल्या मजल्यावरचं जोडपं, आत्ताच घरी आलं, बघा, दोन चार्जर लागले."

मी हादरले. "काका, म्हणजे तुम्ही आमच्यावर पाळत ठेवता?"

"छे हो," ते कळवळून म्हणाले. "मी तुम्हाला टाळतो."

टाळण्याचेही त्यांचे प्रकार होते. दिवाळीला लोक मिठाई वाटतात, हे काळे मणी वाटायचे. सुपारीएवढा मणी, दोन अर्धुकं असलेला, वायरीवर टिचकीसरशी बसायचा. तो बसवला की वायरीची खरखर कमी होते. आमच्या बायकांनी त्याची इतकी चेष्टा केली. "वहिनी, तुमच्या मिक्सरला दृष्ट लागू नये म्हणून हो." पण बसवले सगळ्यांनी. माझ्या घरात अजून सात-आठ वायरींना आहेत, आणि मी काढणार नाही.

गच्चीवर त्यांची लाकडी चौकट होती, पुरुषभर उंचीची, तिला तारेचे वेढे. ती फिरवली की ज्या दिशेचा गोंगाट असेल तो मंद व्हायचा. बायका तिच्यावर चादरी वाळत घालायच्या.  काकांनी फक्त चौकटीवर एक चिठ्ठी लावलेली, 'कृपया बोंबील नकोत.' मासे घेऊन येणारी आमची कोळीण फाटकाशी बसायची, तिने विजेवरचा वजनकाटा आणला तेव्हा काका रेडिओ घेऊन खाली उतरले. ती हसून म्हणाली, "माजा काटा पन बोलतं का रं बाबा?" काट्याला मणी बसला. त्या दिवसापासून पापलेट निवडून द्यायची त्यांना.

एका बाबतीत मात्र माणूस भयंकर कडक. ऐकू आलं म्हणजे पूर्ण ऐकू आलं. परदेशातले लोक विचारायचे, माझा संदेश पोचला का? एखादं अक्षर जरी पुसट असलं तरी काका कळवायचे, नाही, पोचला नाही. समोरचा हिरमुसायचा. मी म्हणायचे, अहो, काय फरक पडतो, म्हणा की आलं, बिचारा खूष होईल. ते म्हणायचे, "मग उद्या खरंच आलं तर मी त्याला काय सांगू?" 

आता नलूताई.

दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. तरुणपणी डबे देऊन चार मुलांचं शिक्षण केलेली बाई, आवाज असा की तळमजल्यावरचा वॉचमन उठून उभा राहावा. पुढे फुप्फुसं थकली, आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते हवेतून ऑक्सिजन काढतं, विजेवर चालतं, आणि दिवसरात्र चालूच ठेवावं लागतं. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी काकांच्या पडद्यावर एक जाड रेघ उभी राहिली. त्यांनी चौकशी केली, कळलं, आणि त्या रेघेबद्दल एकदाही तक्रारीचा शब्द काढला नाही. मणी बसवायलाही गेले नाहीत. "त्या वायरीला हात लावायचा नाही," म्हणाले. "उगाच कुठे काही सैल व्हायचं."

नलूताईंना मात्र हे कुठूनसं कळलंच. त्या त्यांना रेडिओवाले म्हणायच्या. जिन्यात गाठ पडली की, "काय हो रेडिओवाले, माझ्या मशीनचा त्रास होतो म्हणे तुम्हाला? बंद करते दहा मिनिटं. माका काय होवचा नाय."

"खबरदार," काका म्हणायचे. एरवी मुंगीला हाकलताना 'अहो' म्हणणारा माणूस, पण हे खबरदार मात्र खरं असायचं.

काकांचा एक मित्र होता, न्यूझीलंडला. गुराढोरांचा डॉक्टर, निवृत्त, काकांपेक्षाही म्हातारा. दोघं कधी भेटले नव्हते. रोज पत्रव्यवहार चालायचा संगणकावर, गुडघे, हवामान, जेवलात काय. आणि कित्येक वर्षं दोघांचा एकच ध्यास, की त्या सगळ्यात खालच्या पट्ट्यात त्याने तिथून पाठवायचं आणि यांनी वर्सोव्याला टिपायचं. दोन्हीकडे एकदम अंधार हवा, तरच लहर इतकी लांब येते. म्हणजे आमच्याकडे दिवेलागणीची वेळ, उशीर केला तर तिकडे उजाडतं. नेमकी! सगळ्या मुंबईने दिवे, पंखे, टीव्ही लावायची वेळ. काका म्हणायचे, "देवाने थट्टा केलीय माझी." एकदाही जमलं नाही.

आणि मग एका होळीच्या आधी मित्राचं पत्र आलं. तो घर विकून वृद्धाश्रमात चालला होता. लहरी पाठवायचा त्याचा घरामागचा उंच खांब उतरवायला माणसं उद्या सकाळी येणार. आज आमच्या संध्याकाळी तो शेवटचं पाठवणार होता. तेही एकदाच, कारण त्याचं जुनं यंत्र इतकं तापायचं की दुसऱ्यांदा पाठवलं तर जळून जाईल.

काका माझ्या दारात उभे राहिले. त्या दिवशी घराची शांतता वगैरे ऐकली नाही. म्हणाले, "सेक्रेटरीबाई, आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीकडे काही मागतोय."

मी पदर खोचला आणि दारोदार फिरले. संध्याकाळी तासभर सगळं बंद ठेवायचं. दिवे, टीव्ही, वायफाय, फ्रिज, लिफ्ट, सगळं. लोकांना वाटतं मुंबईत कुणी कुणाचं नसतं. एका घराने नाही म्हटलं नाही हो. शिंद्यांनी माशांसाठी बॅटरीचा पंप आणला. इंटरकॉम तेवढा मी चालू ठेवायला लावला, म्हटलं कुणाला काही झालं तर. आणि अर्थात नलूताईंचं मशीन.

"ते चालूच राहणार," काकांनी मला बजावलं. मग पडदा दाखवला. मित्राच्या यंत्राला तीनच जागा चालायच्या. एका जागेवर कुठलंसं परदेशी स्टेशन गर्जत होतं. दुसरीवर समोरच्या रस्त्यावरचा जाहिरातीचा मोठा फलक, तो आपल्या हातात नाही. तिसरी होती ती नलूताईंच्या रेघेला अगदी खेटून. "बोटभर शेजारी," काका म्हणाले. "त्यांची रेघ जाड आहे, पण सरळ आहे. जागची हलत नाही. चौकट फिरवून मी ती थोडी मंद केलीय. बाकी सगळे गप्प बसले, तर तिच्या कुशीत त्याचं अक्षर दिसेल. मी हीच जागा कळवलीय त्याला."

दिवेलागण झाली आणि आमची बिल्डिंग काळोखात बसली. मी काकांच्या खोलीत, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसमोर. एकेक रेघ विझत गेली. शिंदे गेले, मी गेले, पहिला मजला गेला. पडदा असा स्वच्छ मी कधीच पाहिला नव्हता. फलक आणि ते परदेशी स्टेशन दूर कडेला, इकडे एकटी नलूताईंची रेघ तेवढी खालपर्यंत उतरत होती. काका पापणी न हलवता बघत होते. बराच वेळ काहीच नाही. मग त्या रेघेच्या शेजारी, नखाने ओरखडा काढावा इतकं पुसट, काहीतरी उमटायला लागलं. थांबलं. पुन्हा उमटलं. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तोच आहे," ते म्हणाले. "त्याचंच अक्षर आहे."

पहिलं अक्षर पूर्ण झालं.  मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण कुठे न्यूझीलंड आणि कुठे आमचं वर्सोवा, आणि तो म्हातारा आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू लिहीत होता. दुसरं अक्षर सुरू झालं.

आणि नलूताईंची रेघ गेली.

नुसती मंद नाही, गेलीच. त्या भागात दुसरं काही उरलं नाही, फक्त ते ओरखडे, आता अगदी लख्ख. इतक्या वर्षांत काकांना हवी होती तशी शांतता. त्यांनी ती क्षणभर पाहिली आणि खुर्ची मागे ढकलून उठले. "नलूताई," एवढंच म्हणाले आणि दाराबाहेर. त्या गुडघ्यांनी, अंधाऱ्या जिन्यावरून, कठडा धरून. मी मोबाईलचा दिवा लावून मागे धावले. 

नलूताईंचं दार लोटलेलं होतं. त्या पलंगावर बसलेल्या, नाकावर मास्क, आणि मास्कची नळी कोपऱ्यातल्या सिलिंडरला. वीज गेली तर लागावा म्हणून ठेवलेला सिलिंडर. मशीन त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. आम्हाला बघून मास्क बाजूला करून म्हणाल्या, "मी मरूक नाय हा अजून. तू वर जा आधी. तुझो मित्र इलो काय?"

काका दाराला टेकून धापा टाकत होते. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोण कशाक सांगतला? तुझा शेवटचा हा ना? माका बसवत नव्हता." मग माझ्याकडे वळून, "सेक्रेटरी, ह्याका वर घेऊन जा गो."

काका वर गेले असते. मला माहीत आहे, त्यांचा एक पाय वळला होता. पण जन्मभर ध्वनियंत्रांचे काटे बघण्यात गेलेला माणूस, त्याची नजर सिलिंडरच्या काट्यावर गेली. त्यांनी माझा मोबाईल घेतला, उजेड पाडला. काटा लाल पट्ट्यात टेकला होता. सिलिंडर संपत आला होता, आणि नलूताईंना त्याचा पत्ता नव्हता.

मी मशीनच्या बटणाकडे गेले. काका म्हणाले, "थांबा, मी करतो." त्यांनी बटण दाबलं, मशीनची घरघर सुरू झाली, नळी बदलली, नलूताईंच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावून आकडा वर येईपर्यंत तिथेच बसून राहिले. नलूताई खुणेने त्यांना हाकलत होत्या. ते आपले आकडा बघत बसले. आकडा बरा दिसल्यावरच उठले.

जिना चढताना मी विचारलं, "आता त्यांची रेघ परत आली असेल ना तिथेच? शेजारी दिसेल ना त्याचं?"

"मशीन बंद करून लावलं की तापेपर्यंत स्थिर नसतं," ते म्हणाले. "रेघ डगमगते. दोन्ही बाजूंना."

"म्हणजे बंद केलंच नसतं तर..."

"हे त्यांना सांगायचं नाही," ते जिन्यात थांबून म्हणाले. "कधीच नाही."

दोघंही आता नाहीत, म्हणून आज सांगते आहे.

वर पडदा आपलं काम करत बसला होता. मित्राची चार अक्षरं ठरली होती. पहिलं होतं. दुसरंही होतं, इतकं स्वच्छ की मलासुद्धा वाचता यावं. तिसऱ्याच्या सुरुवातीवर ती जाड रेघ दारुड्यासारखी लोळत आली होती आणि पुढचं सगळं पुसून गेली होती. चौथ्याचा मागमूस नाही. आम्ही पोचलो तेव्हा ती हळूहळू ताळ्यावर येत होती, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मित्राचं पाठवून संपलं होतं.

काका खुर्चीत बसले. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. त्यांनी बोट पुढे केलं, पण मित्राच्या अक्षरांवर नाही, त्या लोळणाऱ्या रेघेवर ठेवलं. आणि ती सरळ होईपर्यंत तिच्याबरोबर बोट खाली आणत राहिले. "बसली जागेवर," म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही रडू फुटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. त्या काळोख्या बिल्डिंगमध्ये केवढ्याने वाजला. काकांनी घसा साफ करून उचलला. पलीकडून नलूताईंचा आवाज मलाही ऐकू आला, दमलेला, पण उत्सुक.

"काय ओ रेडिओवाले? इला काय?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं.

"आलं, नलूताई," ते म्हणाले. "सगळं आलं. तुम्ही जागा करून दिलीत म्हणून."